ट्रॅक डेला गाडीमागे छोटा ट्रेलर : हुकावरचं वजन मोजलंय का कुणी?

जीटी_हिंगणघाट

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे २०१४ ची पोलो जीटी टीएसआय आहे, सेकंडहँड घेतलेली. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी पेटी. वर्षातून एक-दोनदा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या रेस ट्रॅकवर ट्रॅक डेला जाणं, म्हणजे आपलीच गाडी तिथं पळवणं, हा माझा एकमेव शौक. ३.७१७ किलोमीटरचा लॅप, बारा वळणं. त्यासाठी हिंगणघाटहून हजार-अकराशे किलोमीटर एका बाजूनं गाडी हाकतो. शेती सांभाळून वर्षभर पैसे बाजूला टाकतो ते याच दोन दिवसांसाठी.

अडचण सामानाची आहे. ट्रॅकचे चार टायर रिमसकट वेगळे न्यावे लागतात, कारण ते टायर घालून हजार किलोमीटर हायवे तुडवला तर ट्रॅकवर पोचेपर्यंत त्यांत काही उरत नाही. वर ट्रॉली जॅक, पान्यांची पेटी, सावलीसाठी फोल्डिंग मांडव, पाण्याची कॅन, दोन खुर्च्या. मित्र सोबत असला की मागची सीट पाडता येत नाही, आणि डिक्कीत दोन चाकांच्या वर काही मावत नाही.

म्हणून दिवाळीनंतर एका वेल्डरकडून ट्रेलर बनवून घेतला. पाच बाय चार फुटांचा हौदा, खाली भंगारातल्या मारुती ८०० चा मागचा ॲक्सल. ती गाडी पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे मागे नुसता आडवा बीम असतो आणि बेअरिंग कुठंही मिळतात. १२ इंची चाकं. दिसायला देखणा झाला होता, मी स्वतः दोन हात रंग दिला.

चेन्नईला नेण्याआधी भरल्या सामानानिशी एक चक्कर मारावी म्हणून पांढरकवड्याला निघालो. तिथं आत्या राहते, म्हणून बाबाही सोबत होते. वडनेर गेलं, वर्धा नदीचा पूल ओलांडला. पुढं रस्ता मोकळा, वेग ८५-९० असेल. उजवीकडून एक कंटेनर पुढं गेला आणि त्याच्या वाऱ्यानं ट्रेलरला बाजूनं ढुसणी दिली. आरशात ट्रेलर डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त. चौथ्या झोल्याला गाडीचा मागचा भागच सरकला. मी ब्रेकवर पाय टेकवला तर झोला आणखी वाढला. पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, आणि ६० च्या खाली आल्यावर ते थांबलं. सगळं मिळून आठ-दहा सेकंदांचा खेळ. मागून एक ट्रक येत होता, त्यानं वेळेत वेग कमी केला म्हणून आज हे लिहितोय.

वडकीच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो. माझे हात थरथरत होते. बाबा काही न बोलता खाली उतरले, मागे गेले, पिन काढली आणि ट्रेलरची दांडी दोन बोटांनी उचलली. नुसत्या दोन बोटांनी. म्हणाले, "अरे, हे तं उलाळ झालं."

ज्यांनी बैलगाडी हाकली त्यांना सांगायला नको. गाडीत मागे जास्त भरलं की धुरा वर उठतो, जू बैलांच्या मानेवरून सुटतं आणि जोत्याचा गळ्याला फास बसतो. त्याला उलाळ म्हणतात. पऱ्हाट्या भरताना, कडबा भरताना घरोघरी पहिली शिकवण हीच की धुऱ्यावर थोडा दाब राहिला पाहिजे. मी लहानपणी शंभर वेळा ऐकलेली गोष्ट. ट्रेलर भरताना मात्र जॅक आणि पेटी मी सगळ्यात मागे ठेवली होती, का, तर फळका उघडला की हाताशी येते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हुकावर नेमकं किती वजन हवं? घरच्या घरी ते मोजायचं कसं? आणि इथं कुणी गाडीमागे ट्रेलर कागदोपत्री नीट करून घेतलाय का?

---

ट्रॉलीवाला_आर्वी

भाऊ, पहिले तं तुमी दोघं बापलेक सुखरूप हा, हे बरं झालं.

म्या पंधरा वर्सं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो, म्हनून सांगतो. दोन चाकाच्या ट्रॉलीचा ॲक्सल आमी कधीच मधात नाही टाकत. हौद्याच्या मधापासून थोडा मागं टाकतो. म्हंजे माल सारखा पसरला तरी बी थोडं वजन ट्रॅक्टरच्या हुकावर येते. तुमचा ॲक्सल कुठं हाय ते टेप लावून पाहा. मले वाटते वेल्डरनं दिसाले चांगलं दिसते म्हनून बरोब्बर मधात टाकला असन.

दुसरं, दांडी किती लांब हाय? दांडी आखूड असली तं ट्रेलर फडफडते. लांब असली तं शांत चालते, अन् रिव्हर्स बी सोपा जाते.

तिसरं, हूक कायले लावला? बंपरच्या आतल्या पट्टीले लावला असन तं तो आजच्या आज काढून टाका. अन् गाडीसंग जो स्क्रूचा हूक येते, तो गाडी फसली तं ओढ्यासाठी असते. त्याले रोजचा भार लावाचा नसते.

---

जीटी_हिंगणघाट

दादा, तुम्ही न पाहता बरोबर ओळखलं. आत्ताच मोजलं. ॲक्सल अगदी मधोमध आहे. ॲक्सलपासून कपलरपर्यंत, म्हणजे दांडीचं जे टोक हुकाला जोडतो तिथपर्यंत, १.८ मीटर. हूक बंपरच्या मागच्या आडव्या पट्टीला चार बोल्टनी लावलाय. एका बोल्टाच्या भोकाभोवती पत्रा किंचित ओढल्यासारखा दिसतोय. फोटो काढलाय, रात्री टाकतो.

---

ट्रॉलीवाला_आर्वी

फोटो राहू द्या, काढा तो हूक. हूक हा गाडीच्या दोन लांब चॅसिस पट्ट्याइले धरून पाह्यजे, डिक्कीखाली. पातळ पत्र्यावर भार गेला तं भोक मोठं मोठं होत जाते अन् एक दिवस बोल्ट सुटते. अन् दोन साखळ्या लावा, दांडीच्या खालून एकमेकीले कातरी मारून. कपलर निसटलं तं दांडी रस्त्यात रुतत नाही, साखळ्याइच्या झोळीत पडते. साखळी एवढी ढिली ठेवा का वळनावर तानली नाही पाह्यजे, पन जमिनीले बी घासली नाही पाह्यजे.

---

मूळचा_अकोल्याचा

मला एक मूलभूत प्रश्न पडतो. ट्रेलर लागतोच कशाला? पोलोची मागची सीट पाडली की चारही चाकं आत बसतात, मी नेली आहेत. दोन आडवी खाली, दोन त्यांवर, जुन्या चादरीत गुंडाळून. जॅक पुढच्या सीटच्या मागे. मित्राला रेल्वेनं येऊ द्या. नागपूरहून चेन्नईला थेट गाड्या आहेत. मांडव, खुर्च्या तिथं भाड्यानं मिळतील किंवा दुसऱ्या कुणाच्या सावलीत बसाल. हजार किलोमीटर मागे एवढं लोढणं ओढण्यापेक्षा हे बरं नाही का?

मी स्वतः पुण्यात राहतो, त्यामुळे तुमच्याकडचे रस्ते आता कसे आहेत ते तुम्हीच सांगा. पण ज्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढण्याचा आकडा नाही, तिच्यामागे मी काही जोडणार नाही.

---

जीटी_हिंगणघाट

तुमचा मुद्दा मनापासून पटतो, आणि पुढची फेरी बहुतेक तशीच होईल. पण एक सांगतो. आत ठेवलेली चाकं नुसती चादरीत गुंडाळून नेऊ नका. एक चाक १७ किलोचं असतं. जोरात ब्रेक लागला तर ते तुमच्या सीटच्या पाठीवर येतं. डिक्कीत जी कडी असतात, त्यांना रॅचेटच्या पट्ट्यांनी आवळून बांधा.

मॅन्युअलमधल्या आकड्याबद्दलही बरोबर. युरोपातल्या गाड्यांना ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी वेगळा आणि बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी वेगळा, असे दोन आकडे दिलेले असतात, हुकावरच्या भाराची मर्यादाही लिहिलेली असते. आपल्याकडच्या पुस्तिकेत मला ते सापडलं नाही. म्हणून तर आधी विचारायला हवं होतं आणि मग वेल्डरकडे जायला हवं होतं. क्रम उलटा झाला.

---

रुई_आणि_रबर

दादा, मी यवतमाळची. ऑटोक्रॉस (मोकळ्या मैदानावरची कारची शर्यत) करते, त्यामुळे सामान वाहण्याचं दुखणं मला चांगलंच माहीत आहे.

हुकावरच्या वजनाचा नियम जगभर साधारण एकच सांगतात : भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के. छोट्या गाडीला १० च्या आसपास ठेवा, कारण तेच वजन गाडीच्या मागच्या चाकांवर पडतं आणि पुढची चाकं थोडी हलकी होतात. तुमची गाडी पुढच्या चाकांनी ओढते हे विसरू नका. डिक्की ठासून भरायची, मागे दोन माणसं बसवायची आणि वर हुकावर ३० किलो, असं करू नका. हुकावरचं वजन हे गाडीत भरलेलं सामानच धरायचं.

झोला का वाढत जातो तेही सांगते, कारण हे कळलं की पाय आपोआप बरोबर जागी राहतो. ट्रेलर हुकाभोवती लंबकासारखा हलतो. वेग कमी असेल तर टायरची रस्त्यावरची पकड तो हेलकावा दर फेरीला थोडा थोडा खाऊन टाकते. वेग वाढला की ती खाण्याची ताकद कमी पडत जाते, आणि एका विशिष्ट वेगाच्या पुढं दर हेलकावा आधीच्याहून मोठा होतो. मागे वजन जास्त असेल तर हा वेग खाली येतो. म्हणजे तोच ट्रेलर नीट भरला तर ८० ला शांत चालेल आणि चुकीचा भरला तर ८० लाच नाचेल. तुम्ही ब्रेक दाबला तेव्हा गाडी हळू झाली आणि ट्रेलर मागून तिला ढकलत राहिला, म्हणून झोला वाढला. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, उलटसुलट फिरवून सावरायला जायचं नाही. तुम्ही शेवटी केलंत तेच बरोबर.

आता चाकांचं. १२ इंची चाकं घेतलीत हे चांगलं केलं. आमच्या इकडे एकानं ऑटोची ४.००-८ ची चाकं लावली होती. हिशेब करून बघा. मारुती ८०० चा १४५/७० आर १२ टायर एका फेऱ्यात साधारण १.६ मीटर जातो, ऑटोचा १.३ मीटर. ताशी ८० ला मारुतीचं चाक मिनिटाला ८३५ च्या आसपास फिरतं, ऑटोचं हजाराच्या वर. बेअरिंगला तेवढंच जास्त तापावं लागतं. दर थांब्यावर हबला हात लावून बघायची सवय करा, आधी हाताच्या मागच्या बाजूनं. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर ग्रीस संपलंय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय, तिथून पुढं जायचं नाही.

आणि टायरवरची तारीख वाचा. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. ३११९ असेल तर २०१९ सालच्या ३१ व्या आठवड्यात बनलेला. भंगारातल्या ॲक्सलसोबत आलेले टायर असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, फेकून द्या. आपल्या उन्हात रबर आतून फुटतं.

---

समृद्धीचा_प्रवासी

टायरचा विषय निघालाच आहे तर लिहितो. मी कामासाठी आठवड्याला समृद्धीवरून जातो. रस्ता काँक्रीटचा, कारला सपाटीवर १२० ची मर्यादा. एप्रिल-मे मध्ये दुपारी कारंजा ते मेहकर या पट्ट्यात थांबून टायरला हात लावला तर चटका बसतो. वळण नाही, उतार नाही, एकच वेग तासन् तास. टायर थंड व्हायला उसंतच मिळत नाही. कमी हवेचा, जुना, जास्त भरलेला टायर अशा ठिकाणी फुटतो. गाडीचा फुटला तर निदान स्टिअरिंगमध्ये जाणवतं. ट्रेलरचा फुटला तर तुम्हाला आरशात धूर दिसेपर्यंत कळत नाही.

मुंबई-पुण्याकडे ट्रेलर न्यायचा विचार असेल तर पहाटे चारला निघा, नऊला थांबा. ट्रेलरसह ८० च्या वर जाऊ नका, आणि ८० नं जाताना कायम डावी लेन. मागून १२० नं येणाऱ्याला तुमचा ट्रेलर दिसला पाहिजे. मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी पूर्ण रुंदीला लावा. कापसाच्या दिवसांत बिनदिव्याच्या ट्रॉल्यांमागे किती गाड्या घुसतात ते आपण बघतोच.

---

जुना_कारकून

मी परिवहन खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. कागदाचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम २(२८). त्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. लोकांना वाटतं, इंजिन नाही म्हणजे ती नुसती हातगाडी. तसं नाही. कायद्याच्या नजरेत तुमचा ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. म्हणून कलम ३९ प्रमाणे त्याची नोंदणी लागते, कलम ६१ मध्ये ट्रेलरच्या नोंदणीचं वेगळं सांगितलं आहे, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे.

आता नोंदणीला काय लागतं. नमुना २० मध्ये अर्ज, नमुना २१ म्हणजे विक्रीचा दाखला, नमुना २२ म्हणजे वाहन रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा बनवणाऱ्याचा दाखला. शेवटचा कागद तोच देऊ शकतो ज्यानं आपल्या मॉडेलला मान्यता घेतली आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था ती चाचणी करतात. गावातला वेल्डर कितीही चांगला कारागीर असो, नमुना २२ त्याला देता येत नाही. म्हणजे तुमचा आजचा ट्रेलर रस्त्यावर काढणं बेकायदा आहे. कडू वाटेल, पण स्पष्ट सांगितलेलं बरं.

विम्याचंही बघा. तृतीय पक्षाचा विमा कलम १४६ नं सक्तीचा आहे. बिननोंदणीचा ट्रेलर सुटून कुणाच्या मोटारसायकलवर गेला तर त्या कुटुंबाचं आयुष्य उद्ध्वस्त होईलच, शिवाय भरपाईसाठी विमा कंपनी तुमच्याकडे बोट दाखवेल. ट्रॅकवरचं नुकसान नेहमीच्या पॉलिसीत तसंही येत नाही, शर्यत आणि वेगाची चाचणी त्यातून वगळलेली असते. पण रस्त्यावरचं तरी शाबूत ठेवा.

---

ट्रॉलीवाला_आर्वी

काका बरोबर सांगून राह्यले. मले बी हे मान्य हाय. शेतातल्या शेतात वापराले म्या बनवून देईन, पन हायवेवर जायाचं असन तं मान्यतेचाच घ्या.

---

पटाचा_छकडा

मी चांदूर रेल्वेचा. आमचा विषय वेगळा वाटेल, पण मला तरी तोच वाटतो. आम्ही तळेगाव दशासरच्या शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, जोडी घेऊन जातो. २०१४ ला सुप्रीम कोर्टाची बंदी आली, तेव्हापासून छकडा आडाला टांगून ठेवला होता. डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली तेव्हा धूळ झटकून काढला. बैल पिकअपमध्ये जातात, छकडा वर बांधून.

बैल गाडीत चढवताना आमचे म्हातारे एकच बघतात. बैलांची तोंडं पुढं आणि अंग पुढच्या बाजूला. मागे जागा रिकामी राहिली तरी चालेल. एकदा एका पोरानं उलटं केलं, बैल मागच्या फळक्याला टेकले, तर पांदणीतून वर हायवेवर चढताना पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंगच लागेना. तुमच्या बाबांनी दोन बोटांनी उचलून सांगितलं ते वाचून अंगावर काटा आला. त्यांना माझा नमस्कार सांगा.

---

जीटी_हिंगणघाट

सांगितला. खूश झाले. तळेगावच्या पटाला ते तरुणपणी दरवर्षी जायचे म्हणे, हे मला आजच कळलं.

आता मोजणीचं लिहितो, कारण मूळ प्रश्न तोच होता आणि त्याचं उत्तर घरातच निघालं.

आधी जिनिंगच्या वजनकाट्यावर ट्रेलर एकटा चढवून पाहिला. तो काटा ट्रकसाठीचा, लहान वजन त्यावर नीट कळत नाही, पण एकूण आकड्याचा अंदाज आला. मग सामान एकेक करून दुकानातल्या काट्यावर मोजलं. रिकामा ट्रेलर ११५. चार चाकं ६८. जॅक २७. पेटी २२. मांडव २०. पाण्याची भरलेली कॅन २०. एकूण २७२ किलो. खुर्च्या गाडीत टाकल्या.

हुकावरचं वजन मोजायला बाबांनी कापूस मोजायचा टांगता काटा काढला. वेचणीच्या दिवसांत शेताच्या धुऱ्यावर बायांचा कापूस ज्यावर मोजतो, तोच. गोठ्यासमोरच्या कडुनिंबाच्या फांदीला तो बांधला, खालच्या आकड्यात दोर अडकवून दोराचं दुसरं टोक कपलरला. ट्रेलरची चाकं सपाट जमिनीवर, चाकांना पुढून-मागून दगड. दांडी गाडीच्या हुकाएवढ्याच उंचीला येईल इतका दोर आखडला. ही उंची महत्त्वाची. दांडी वर-खाली असेल तर आकडा बदलतो.

वडकीला जसं भरलं होतं अगदी तसंच आधी भरलं. काटा आठ किलोवर थांबला. २७२ च्या मागे ८, म्हणजे तीन टक्के.

मग फक्त जॅक आणि पेटी उचलली, दुसरं काही हलवलं नाही. दोन्ही मिळून ४९ किलो. ॲक्सलच्या मागे होती तिथून साधारण ८० सेंटीमीटर पुढं सरकवून ॲक्सलच्या पुढं आणली. काटा ३० वर गेला. ४९ गुणिले ०.८ भागिले १.८, उत्तर येतं जवळपास २२. आठ अधिक बावीस तीस. कागदावरचं आणि काट्यावरचं इतकं जुळलं की बाबांनी तो कागद मागून घेतला आणि गोठ्याच्या खांबाला चिकटवून ठेवला.

तीन टक्क्यांवरून अकरा टक्के. एक पैसा खर्च नाही, एक वेल्ड नाही. नुसती पेटी आणि जॅक पुढं. त्या दिवशी निघताना एवढंच केलं असतं तर पुलाच्या पुढची ती आठ-दहा सेकंदं आलीच नसती, असं मी म्हणणार नाही, कारण हूकही कच्चा होता आणि वेगही जास्त होता. पण झोला इतक्या लवकर चढला नसता, हे नक्की.

---

रुई_आणि_रबर

टांगत्या काट्याची युक्ती फारच छान. मी न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर लाकडी ठोकळा ठेवून करत होते, पण ते काटे जमीन जराशी वाकडी असली की चुकतात.

एकच जोड. चाकं पण बांधलीत ना? वजन बरोबर जागी ठेवलं आणि वाटेत सरकलं तर मोजणी वाया. दर थांब्यावर हबला हात लावता तसं पट्ट्याही ओढून बघा. पहिल्या २० किलोमीटरनंतर नक्की एकदा, तेव्हाच त्या ढिल्या पडतात.

---

पांढरकवडा_गॅरेज

डीएसजीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्याकडे अशा गाड्या येतात. या सात गिअरच्या पेटीतले क्लच कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात. सरळ हायवेवर त्यांना काही त्रास नाही. त्रास होतो तो रांगताना. टोलच्या रांगेत, घाटात ट्रकच्या मागे, चढावर थांबून ॲक्सिलरेटरनं गाडी धरून ठेवताना. तेव्हा क्लच अर्धवट लागलेला असतो आणि घासून तापतो. मागे पावणेतीनशे किलो असले की दुप्पट लवकर तापतो असं मी आकड्यात सांगणार नाही, पण वास लवकर येतो एवढं नक्की.

आदिलाबाद सोडल्यावर निर्मलकडे उतरताना-चढताना मॅन्युअल मोडवर घ्या आणि खालच्या गिअरमध्ये ठेवा. रांगेत पुढच्या गाडीमागे इंच इंच सरकू नका. दहा-पंधरा फूट जागा होऊ द्या, मग एकदाच पूर्ण क्लच लागेल असं पुढं घ्या. चढावर थांबायचं तर ब्रेकवर.

दिव्यांचंही सांगतो. या गाडीच्या टेललॅम्पच्या वायरीला ट्रेलरचे दिवे थेट जोडू नका. गाडीचा संगणक बल्बचा करंट बघतो, जास्त ओढला की डॅशवर चूक दाखवतो. बॅटरीवरून वेगळा फ्यूज घेऊन मधे रिलेचं मॉड्यूल लावा. टेललॅम्पची वायर नुसती इशारा देईल, करंट बॅटरीतून जाईल. आणि मागे दुसऱ्या माणसाला उभं करून ब्रेक, दोन्ही इंडिकेटर, टेल असं एकेक तपासल्याशिवाय निघू नका.

---

जीटी_हिंगणघाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काय ठरवलं ते लिहितो.

हा ट्रेलर आता शेतातच राहील. हायवेवर पुन्हा काढणार नाही, जुना_कारकून काकांनी सांगितलेलं मला पूर्ण पटलंय. बंपरवरचा हूक कालच काढला. ज्या भोकाबद्दल लिहिलं होतं तिथला पत्रा खरंच फाटायला लागला होता, नखाएवढी चीर होती. ती बघून पोटात खड्डा पडला.

चेन्नईची या वेळची फेरी मूळचा_अकोल्याचा म्हणतात तशी. सीट पाडून, चाकं पट्ट्यांनी आवळून, मित्र रेल्वेनं. मधल्या काळात नमुना २२ देणारा ट्रेलरवाला शोधतोय. कुणाला खात्रीचा माहीत असेल तर कळवा, पण आधी त्याचा मान्यतेचा कागद डोळ्यांनी बघितलेला असला पाहिजे.

---

धामणगावचा_नवशिक्या

मी आजवर इथं फक्त वाचत होतो, पहिल्यांदाच लिहितोय. माझ्याकडे मान्यतेचा, नोंदणी केलेला छोटा ट्रेलर आहे, एमएच २७ नंबरचा. एसयूव्हीमागे दोन डर्टबाइक नेतो. दोन वर्षं झाली, काही अडचण आली नाही, म्हणून हुकावरचं वजन कधी मोजलंच नव्हतं. काल तुमचं वाचून शेजाऱ्याकडून टांगता काटा आणला. बाइक नेहमीसारख्या चढवल्या, पुढची चाकं पुढच्या पट्टीला लावून.

एकूण ३९० किलो, हुकावर ६९. म्हणजे १७ टक्क्यांच्या वर. माझं उलट निघालं, पुढं जास्त. आता समजतं की रात्री समोरचे लोक मला का डिपर मारायचे. मागची बाजू दबून हेडलाइट वर जात होते.

बाइक किती मागे सरकवू?

---

रुई_आणि_रबर

दोन्ही बाइकचं मिळून वजन किती, आणि ॲक्सलपासून कपलर किती लांब? ते सांगा, हिशेब लगेच करून देते. घाईनं अंदाजानं सरकवू नका. थोडं थोडं सरकवा आणि दर वेळी काटा बघा, दहाच्या खाली गेलात तर पुन्हा उलाळ. आणि तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत हुकावरच्या भाराची मर्यादा दिली असेल तर ती आधी वाचा, टक्केवारी त्यानंतर.

---

धामणगावचा_नवशिक्या

बाइक दोन्ही मिळून २२०. ॲक्सल ते कपलर २.२ मीटर. पुस्तिका गाडीत आहे, गाडी भावानं नेलीय. संध्याकाळी बघून लिहितो.

---

रुई_आणि_रबर

३९० चे ११ टक्के म्हणजे ४३. तुम्हाला २६ किलो कमी करायचे आहेत. २६ गुणिले २.२ भागिले २२०, म्हणजे ०.२६. दोन्ही बाइक २६ सेंटीमीटर मागे, एक वीतभर आणि चार बोटं. पुढची चाकं आता पट्टीला टेकणार नाहीत, त्यामुळे तिथं लाकडाचा अडसर बोल्टनं पक्का करा, नुसत्या पट्टीवर भरवसा ठेवू नका. मग परत काट्यावर.

---

जीटी_हिंगणघाट

रविवारी सकाळी सातला मी जाम चौकात आहे, नागपूरकडून येताना डाव्या हाताच्या चहाच्या टपरीजवळ. टांगता काटा आणि तिकाटणं घेऊन येतोय, बाबाही येताहेत. ज्यांच्याकडे नोंदणीचा ट्रेलर आहे त्यांनी नेहमीसारखा भरून आणा, मोजून देऊ. धामणगावकर, तुम्ही बाइक घेऊन या.